वानराचे काळे मुख आणि छायाचित्राची साक्ष

महाराष्ट्रात वानर पाहावयास फार दूर जावे लागत नाही. वेरूळच्या लेण्यांपुढील झाडीत, सप्तशृंगीच्या गडावर, मेळघाटातील सागाच्या रानात, ताडोब्याच्या वाटेवरील बांबूच्या बेटांत आणि कोकणातल्या आगरांत वावरणारा हा रुपेरी अंगाचा, काळ्या मुखाचा आणि देहाहून लांब शेपटीचा प्राणी आपल्या इतक्या नित्य परिचयाचा आहे, की वाघाची एक छबी मिळावी म्हणून पहाटेच्या गारठ्यात तासन्‌तास तिष्ठणारा हौशी छायाचित्रकारदेखील वानरांच्या टोळीपाशी गाडी थांबवीत नाही. आणि क्वचित थांबवून चार छबी टिपल्याच, तर घरी येऊन त्या मोठ्या पडद्यावर पाहताना त्याला असे आढळते, की अंगावरची लव चांगली उमटली आहे, पाने उमटली आहेत, मागचे आकाशही उमटले आहे, परंतु ज्या मुखासाठी ती छबी घेतली त्या मुखाच्या जागी डोळे, नाक, ओठ यांपैकी काहीही न दाखवणारा एक काळा डाग तेवढा शिल्लक आहे. वन्य वानराचे चांगले छायाचित्र दुर्मीळ आहे ते वानर दुर्मीळ असल्यामुळे नव्हे, तर त्याच्या मुखाला न्याय देणे कठीण असल्यामुळे होय. हा न्याय कसा द्यावा, आणि तो देण्याच्या भरात छायाचित्राच्या सत्यतेला बाध कसा येऊ देऊ नये, हे दोन प्रश्न माझ्या मते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

या अडचणीचे मूळ कॅमेऱ्याच्या प्रकाशमापनात आहे. समोरच्या दृश्यावरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजताना कॅमेरा असे गृहीत धरून चालतो, की ते दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे. माणसे, शेते, घरे, रस्ते यांच्या बाबतीत हे गृहीत बहुतांशी खरे ठरते. अलीकडच्या कॅमेऱ्यांतील मापक चौकटीचे अनेक भाग पाडून, त्यांची तुलना करून अधिक शहाणा निर्णय घेतात हेही खरे. पण वानराचे अंग या सरासरीहून पुष्कळ उजळ आणि मुख तिच्याहून पुष्कळ काळे असते, व चौकटीचा मोठा भाग अंगानेच व्यापलेला असल्यामुळे मापकाचा कौल अंगाच्या बाजूने पडतो. तो त्या रुपेरी लवेला मध्यम राखाडीवर आणून बसवतो, आणि मुख आपोआप अंधारात जाते. उलटपक्षी छायाचित्रकाराने चिडून मापकाचा रोख केवळ मुखावर धरला, तर मापक त्या काळ्या मुखालाच मध्यम राखाडी ठरवतो. मग मुख राखेसारखे पांढुरके दिसते, आणि अंगावरची लव इतकी पांढरीफटक होते की तिच्यातील केस पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत.

या पेचातून सुटण्याची वाट कॅमेऱ्यात फिल्म घालण्याच्या काळातच घालून दिली गेली होती. अमेरिकेतील अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास अशी पद्धत रचली, की छायाचित्रातील निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांना शून्यापासून दहापर्यंत क्रमांक द्यावेत, मापकाची मध्यम राखाडी पाचव्या क्रमांकावर मानावी, आणि दृश्यातील कोणती वस्तू कोणत्या क्रमांकावर उमटावी हे कळ दाबण्यापूर्वीच मनाशी ठरवावे. जी वस्तू काळी आहे पण जिच्यावरील सुरकुत्या, खाचा, पोत दिसावयास हवा, तिचे स्थान तिसऱ्या क्रमांकावर. वानराचे मुख नेमके असेच आहे. म्हणून त्याच्यावर मापन करून, मापकाने सांगितले त्याहून दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांश प्रकाश दिला, की ते काळेच राहते, पण त्यातील भुवयांचा उंचवटा, डोळ्यांखालच्या वळ्या आणि ओठांची कड स्पष्ट उमटते. मग एकच शंका उरते, की तेवढ्या प्रकाशात अंगावरची लव तग धरील काय. आणि तिचे उत्तर कॅमेऱ्यात नसून त्या वेळच्या उन्हात असते. माध्यान्हीच्या कडक उन्हात ती धरत नाही. ढगाळ दिवशी, जेव्हा सारे आकाशच एक विस्तीर्ण व मृदू दिवा होते, तेव्हा अंग आणि मुख यांतील अंतर इतके कमी होते की दोन्ही एका चौकटीत सुखाने नांदतात. याखेरीज हिवाळ्यातील सकाळचा पहिला प्रहरही फार मोलाचा असतो, कारण थंडीने आखडलेली वानरे उंच फांद्यांवर चढून उगवत्या सूर्याकडे तोंड करून ऊन खात बसतात, आणि जे तिरपे, पिवळसर ऊन एरवी मुखापर्यंत कधी पोहोचत नाही ते त्या वेळी थेट मुखावरच येते.

या हिशेबाला उलथून टाकणारा एक प्रसंग वानरांच्या टोळीत दरवर्षी घडतो. वानराचे नवजात पिल्लू आपल्या आईच्या अगदी उलट रंगाचे असते: अंग गडद, काळसर तपकिरी आणि मुख फिकट, गुलाबीसर. पुढे काही आठवड्यांत मुख काळवंडू लागते व काही महिन्यांत अंग उजळते. पण तोपर्यंत आईच्या छातीला बिलगलेले पिल्लू टिपणे म्हणजे काळे मुख, रुपेरी अंग, काळे अंग आणि गोरे मुख अशा चार परस्परविरोधी मागण्या एकाच चौकटीत पुऱ्या करणे होय. त्यातच टोळीतील इतर माद्या हे पिल्लू आईकडून मागून घेतात, ओढून घेतात, मांडीवर घेऊन न्याहाळतात आणि एकीकडून दुसरीकडे सोपवतात. म्हणून या दिवसांत टोळीजवळ शांतपणे बसणाऱ्याला जे दृश्य मिळते त्याच्या तोडीचे दुसरे दृश्य आपल्या जंगलांत क्वचितच असेल. अशा वेळी प्रकाशाचा हिशेब पिल्लाच्या मुखावरून करावा, आणि आईच्या मुखाकडे संपादनाच्या वेळी वळावे.

जवळ किती जावे, याचे उत्तर केवळ सभ्यतेच्या नव्हे, प्रकाशशास्त्राच्या अंगानेही देता येते. ४०० मिलिमीटरची लेन्स एफ ४ या छिद्रावर ठेवून पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याने १० मीटरवरील वानराची छबी घेतली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १५ सेंटिमीटर खोल असतो. हेच अंतर ५ मीटरवर आणले की तो ४ सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि मग डोळा स्पष्ट असताना नाकाचा शेंडा व कान दोन्ही धूसर होतात. म्हणजे दूर राहण्याने चित्राचे नुकसान होत नाही, बहुधा हितच होते. केंद्रबिंदू मात्र डोळ्यावरच हवा. आजच्या कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा आपोआप हुडकणारी यंत्रणा असली, तरी काळ्या मुखातील तपकिरी डोळा तिला नेहमीच सापडतो असे नाही, म्हणून बिंदू हाताने हलवण्याचा सराव ठेवणे चांगले. लव विंचरीत बसलेल्या माद्यांसाठी सेकंदाचा ५०० वा भाग पुरतो. या झाडावरून त्या झाडावर झेप घेणाऱ्या वानरासाठी २००० वा भाग लागतो, आणि तेवढा वेग दाट छायेत साधावयाचा तर आयएसओ ३२०० पर्यंत चढवण्याचा संकोच बाळगू नये.

छबी वानराच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावी, त्यासाठी जमिनीवर बसावे किंवा पालथे पडावे, असा उपदेश सर्वत्र केला जातो आणि तो योग्यच आहे. पण सिंधुदुर्गातील दोडामार्ग, गोव्यातील सत्तरी अशा भागांत जाणाऱ्याने माकडतापाची जाण ठेवूनच हा उपदेश पाळावा. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडींच्या चाव्याने माणसास होतो, वानरे व माकडे त्याने मरतात, आणि पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, पाचोळा साचलेल्या रानात त्याचा उपद्रव असतो. रानात मेलेले माकड आढळल्यास त्याचे छायाचित्र घेण्यासाठी जवळ जाऊ नये. वनखात्यास किंवा आरोग्य केंद्रास तत्काळ वर्दी द्यावी.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. ताम्हिणी, वरंधा, आंबोली यांसारख्या घाटांत बिस्किटे, केळी, फुटाणे टाकून माकडांना रस्त्यावर बोलावणारे आणि मग हातभर अंतरावरून त्यांच्या छबी घेणारे लोक सर्रास दिसतात. त्या खाऊच्या आशेने ही माकडे डांबरावर बसण्यास शिकतात आणि वाहनांखाली सापडतात. जी वाचतात ती खाण्यासाठी माणसावर चाल करून येऊ लागतात, आणि मग त्यांना पकडून नेण्याच्या मागणीचे अर्ज कचेऱ्यांत दाखल होतात. खाऊकडे पाहणाऱ्या माकडाच्या चेहऱ्यावर लोभ आणि साशंकता याखेरीज काहीही नसते, हे त्या छायाचित्रांत कोणालाही दिसेल. शिवाय माकडांच्या समाजात टक लावून पाहणे ही धमकी असते. लेन्सचे मोठे, चकाकणारे भिंग सतत रोखून धरले, तर अस्वस्थ झालेला नर जांभई देऊन आपले सुळे दाखवतो. ती निद्रेची जांभई नव्हे. ती पाहिल्यावर कॅमेरा खाली घ्यावा, मान वळवावी, आणि टोळीने आपणास विसरून जावे एवढा अवकाश द्यावा.

आता संपादनाकडे येतो. कॅमेऱ्याने जेपेग स्वरूपात दिलेल्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात, व त्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये सामावलेल्या असतात. वानराच्या मुखाचा सारा तपशील तळाच्या थोड्या पायऱ्यांवर दाटीने बसलेला असल्याने जेपेगमधील काळे मुख उजळू गेले, की सुरकुत्यांऐवजी ठिपके आणि पट्टे वर येतात. म्हणूनच रॉ फाइल घ्यावी, अंगाची लव जळणार नाही इतपत प्रकाश हात सैल ठेवून द्यावा, आणि घरी आल्यावर एकूण चित्र खाली आणून केवळ मुखाचा भाग किंचित वर उचलावा. पूर्वी अंधाऱ्या खोलीत ब्रोमाइड कागदावर चित्र उठवताना मुखावर पुठ्ठ्याचा तुकडा धरून त्या भागाला कमी प्रकाश देत असत, त्याचाच हा नवा अवतार. त्यात गैर काहीच नाही, कारण आपला डोळा रानात उभा असताना हेच काम आपोआप करीत असतो. परंतु मुख उचलण्याची हद्द ओळखावी. काळे मुख काळेच दिसले पाहिजे. ते करडे झाले, की पाहणाऱ्याला ते आजारी वाटते, आणि ज्या तेजामुळे डोळ्यांतील प्रकाशाचा ठिपका उठून दिसत होता ते तेजच मावळते.

रंगाची बाब याहून सूक्ष्म आहे. पानांमधून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, आणि वानराची रुपेरी लव तो हिरवेपणा निमूटपणे उचलते. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत तीच लव निळसर होते. संपादनात हिरव्याच्या विरुद्ध किरमिजी छटेची थोडी भर घालून तो डाग काढता येतो, पण तो पूर्ण काढून लव शुभ्र करण्याचा मोह आवरावा, कारण आपण त्या प्राण्याला रानात पाहिले आहे आणि रानाचा थोडा रंग त्याच्या अंगावर असणे हेच त्या जागेचे सत्य आहे. केसांच्या बाबतीतही असाच संयम हवा. रेखीवपणा वाढवण्याची कळ जास्त फिरवली, की अंगाच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि लव तारेसारखी ताठ दिसते. कण घालवण्याची कळ जास्त फिरवली, की तीच लव मेणाच्या पुतळ्यावरची वाटते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने निघाली आहेत, ती कण घालवताना हरवलेले केस अनुमानाने पुन्हा रेखून देतात. चित्र सुंदर होते, यात वाद नाही. पण तो केस त्या वानराचा नसतो, हजारो अन्य चित्रांवरून बेतलेला असतो. आणि ज्या चित्रात कोणता केस होता आणि कोणता बेतला हे त्याच्या कर्त्यालाच सांगता येत नाही, त्याला मी छायाचित्र म्हणावयास तयार नाही.

ही सीमा जगाच्या मोठ्या स्पर्धांनीही आखली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत प्रकाश, रंग व कापणी यांच्या माफक दुरुस्तीस मुभा आहे, प्राणी किंवा वनस्पती चित्रात घालण्यास अथवा चित्रातून काढण्यास नाही, आणि अंतिम निवडीपूर्वी मूळ रॉ फाइल पडताळणीसाठी मागवली जाते. या स्पर्धेतील मुंग्याखाऊ प्राण्याचे २०१७ सालचे एक पारितोषिकप्राप्त चित्र, त्यातील प्राणी पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून पुढील वर्षी बाद करण्यात आले; छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला होता. त्याच २०१८ साली सर्वोच्च मान मिळाला तो चीनच्या छिन्‌लिंग पर्वतातील सोनेरी, नकट्या नाकाच्या माकडांच्या एका जोडीला. डच छायाचित्रकार मार्सेल व्हान ओस्टेन यांच्या त्या चित्रातील निळसर मुखाचा नर आणि मादी दगडावर बसून चौकटीबाहेर चाललेल्या टोळ्यांच्या तंट्याकडे पाहत आहेत. नराच्या पाठीवरचे सोनेरी केस झळकावेत एवढ्यापुरता कृत्रिम प्रकाशाचा हलका उपयोग केलेला आहे. वानरकुळातील प्राण्याला नाटकी हावभावावाचून, केवळ त्याच्या स्वतःच्या प्रतिष्ठेनिशी दाखवणारे हे चित्र मला फार आदर्श वाटते.

कारण या प्राण्याच्या बाबतीत खरा धोका कळा फिरवण्यात जितका आहे त्याहून अधिक तो चौकटीत व मथळ्यात आहे. जपानच्या नागानो प्रांतातील जिगोकुदानी येथे बर्फात गरम पाण्याच्या कुंडात बसलेल्या माकडांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली आहेत. ते कुंड माणसांनी त्यांच्यासाठी बांधले आहे आणि तेथे त्यांना खाद्य दिले जाते, हे मात्र चौकट सांगत नाही. २०१७ साली जबलपूरचे एक छायाचित्र फार गाजले: निपचित पडलेले पिल्लू उराशी धरून आकाशाकडे तोंड करून आक्रोश करणारी माकडीण. पुत्रशोकाचे चित्र म्हणून ते देशोदेशी छापले गेले. पिल्लू मेलेले नव्हते, धडपडून क्षणभर निश्चेष्ट झाले होते, असा खुलासा पुढे वृत्तांतांतून आला. पण तोपर्यंत असंख्य लोक त्या न घडलेल्या मृत्यूने हळहळून गेले होते. दात विचकण्याचेही तसेच. उत्तरेकडील लाल तोंडाच्या रीसस माकडात ते भयाचे व शरणागतीचे चिन्ह असते, सुलावेसी बेटावरील काळ्या माकडांत ते सलोख्याचे असू शकते, आणि मथळा लिहिणारा दोन्हीकडे ‘हसू’ असे लिहून मोकळा होतो. मुख आपल्यासारखे आहे म्हणून मनही आपल्याच शब्दांत वाचावे, हा त्या प्राण्यावर अन्याय आहे.

सुलावेसीचा उल्लेख आला आहे, तर तेथील प्रकरण सांगितलेच पाहिजे. ब्रिटिश छायाचित्रकार डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्याची कळ तेथील एका काळ्या शेंडीच्या माकडाने दाबली, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छबीची मालकी कोणाची हा वाद उभा राहिला. प्राण्याने घेतलेल्या छायाचित्राची नोंद करता येत नाही, असे अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०१४ मध्ये जाहीर केले. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेने २०१५ मध्ये माकडाच्या वतीने फिर्याद लावली, ती २०१६ मध्ये फेटाळली गेली, उभयपक्षी तडजोड होऊन भावी उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा त्या माकडांच्या अधिवासाच्या रक्षणासाठी देण्याचे ठरले, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही माकडास दावा लावता येत नाही असाच निवाडा दिला. माकडाच्या मालकीची कल्पना आपल्याकडेही अगदीच अनोळखी नाही: धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे दप्तरी नोंदलेली असल्याचे वृत्त २०२२ मध्ये आले होते. कायद्याचा अर्थ काहीही असो, माकडाच्या छबीतून मिळणाऱ्या द्रव्याचा काही अंश त्याच्या रानाकडे वळावा ही तडजोडीतील कल्पना मला कोणत्याही निवाड्याहून अधिक न्याय्य वाटते.

शेवटी कापणीसंबंधी. वानराची शेपूट चौकटीत मावत नाही म्हणून ती सर्रास कापली जाते, आणि तेथे चित्राबरोबर माहितीचाही एक तुकडा जातो. उत्तर भारतातील वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याच्या दिशेने झुकवतो, दक्षिणेकडील वानर ती मागच्या बाजूस वळवतो, आणि या दोन पद्धतींची सरहद्द साधारणपणे तापी-गोदावरीच्या पट्ट्यातून, म्हणजे महाराष्ट्रातूनच जाते. एके काळी एकच समजल्या गेलेल्या या वानराच्या आता अनेक जाती मानल्या जातात. त्या ओळखताना शेपटीच्या वळणाबरोबरच हातापायांचा काळेपणा किती वर चढला आहे, डोक्यावर तुरा आहे की नाही, हेही पाहतात. तेव्हा चालत्या वानराची निदान एक छबी शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण घ्यावी, मुख उजळताना पंजांचा रंग जसाच्या तसा राहू द्यावा, आणि मूळ रॉ फाइल तारीख, तालुका व गावाच्या नावासह जपून ठेवावी. खानदेशापासून मराठवाड्यापर्यंतच्या गावोगावच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर ती सरहद्द नेमकी कोणत्या शिवारांतून जाते हे नकाशावर रेखता येईल.